एक्केचाळीस प्रश्न

३ जुलै, सोमवार

चौदा प्राध्यापक आणि मी एकटी! प्राचार्य मॅडमनी सकाळीच बोलावून सांगितलं – महिनाभर रोज तीन ते चार, कॉम्प्युटर लॅबमध्ये, सगळ्या प्राध्यापकांना तंत्रज्ञान वापरून शिकवायला शिकवायचं. त्याच महिन्यात प्रत्येकाने खऱ्या वर्गावर एक तास घ्यायचा, मॅडम मागे बसून बघणार. आणि यांना शिकवणार कोण? म्हणे, तुम्हीच.

मी लॅबची सहायक. बारा वर्षं यांच्या वायरी जोडल्या, प्रिंटरमध्ये अडकलेले कागद ओढून काढले. शिकवलं कुणालाच नाही. घरी सांगितलं तर नवरा म्हणाला, चला, कुणीतरी तुझं ऐकेल. लेक म्हणाली, गृहपाठ दे भरपूर, म्हणजे कळेल त्यांना.

४ जुलै, मंगळवार

झालं एकदाचं! गणिताच्या सरांनी पासवर्ड ठेवला आणि दहा मिनिटांत विसरले. नवा ठेवला, तोही विसरले. अर्थशास्त्राच्या मॅडमना अक्षरं उडवत आणता येतात हा शोध लागला – आता त्यांचं प्रत्येक अक्षर गिरक्या घेत येतं. महागाईची व्याख्या पूर्ण व्हायला दीड मिनिट. घंटा झाली तरी कुणी उठेना.

अपवाद फक्त नकाशेसर. इतिहासाचे, सगळ्यांत ज्येष्ठ, निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत. न बघता फळ्यावर अख्खा खंड काढतात, म्हणून मुलांनी ठेवलेलं नाव. पहिल्या रांगेत बसून माझ्या तोंडाकडे टक लावून बघत होते, माऊसला बोटही लावलं नाही. त्यांच्या मागून जाता जाता मी विचारलं, सर, जमतंय ना? तर मनगटावरच्या घड्याळात बघून म्हणाले, "सव्वातीन." सगळे हसले. मीही हसले, पण लागलं. एवढा कंटाळा आला होता तर यायचं कशाला?

७ जुलै, शुक्रवार

प्राचार्य मॅडमनी केबिनमध्ये बोलावून एक कागद पुढे सरकवला. तिसऱ्या वर्षाच्या मुलांची तक्रार, नकाशेसरांविरुद्ध. प्रश्न विचारला की सर उत्तर देत नाहीत, भलतंच बोलतात, नाहीतर सरळ पुढे जातात. आता कुणी विचारतच नाही. मॅडम म्हणाल्या, त्यांचा तास बघून ठरवेन – वर्ग ठेवायचे की ग्रंथालयात बसवायचं. तोवर तुम्ही त्यांची तयारी नीट करून घ्या.

म्हणजे आता सरांचे वर्ग माझ्या गळ्यात! माऊसला हात न लावणाऱ्या माणसाची तयारी करायची कशी?

९ जुलै, रविवार

दुपारी जेवताना सासऱ्यांना विचारलं, भात वाढू का? ते म्हणाले, "बरोबर, बरोबर," आणि छान हसले. त्यांना ऐकू आलं नाही की ते असंच करतात. आम्हाला सवय आहे. लेक नक्कल करते.

भात वाढता वाढता माझा हात थांबला. सव्वातीन! अगं बाई, तो टोमणा नव्हताच.

११ जुलै, मंगळवार

चारनंतर सरांना थांबवून घेतलं. फळ्याकडे तोंड करून, मोठ्याने विचारलं, सर, खिडकी लावू का? काही नाही. मग वळून, त्यांच्याकडे बघत तेच विचारलं. "लावा की," म्हणाले.

मी त्यांच्या शेजारी बसले. कॉम्प्युटरवर ठळक अक्षरांत लिहिलं – कधीपासून?

बराच वेळ वाचत राहिले, एकच तर शब्द होता. मग चष्मा काढला. म्हणाले, "चार वर्षं झाली. घरी फक्त हिला माहीत आहे." कानातलं यंत्र घालून पाहिलं होतं. शांत खोलीत बरं चालतं, पण वर्गात बाकं, पंखे, साठ मुलं सगळं एकदम कानात शिरतं आणि शब्दच लागत नाही. समोरच्याचे ओठ दिसले तर निभावतं. मागच्या बाकावरून कुणी विचारलं की अंदाजाने बोलतात. अंदाज चुकतो. तक्रारीचंही त्यांना कुणीतरी सांगितलं होतं.

कुणाला सांगू नका म्हणाले. मी हो म्हटलं. मॅडमपासून लपवायचं म्हणजे जिवावरच आलं, पण शब्द दिला तो दिला.

१३ जुलै, गुरुवार

शेवटच्या आठवड्यात शिकवायचं ते आजच काढलं! वर्गातल्या मुलांनी मोबाइलवर प्रश्न लिहायचा, नाव न घालता, की तो लगेच समोरच्या पडद्यावर उमटतो. मी त्याला प्रश्नफळा म्हणते. सरावाला गणिताच्या सरांनी लिहिलं – चहा कधी?

पडद्यावर अक्षरं आली आणि नकाशेसर खुर्चीत पुढे सरकले. स्वतः मोठ्याने वाचलं, आणि म्हणाले, मीही मघापासून तेच विचारणार होतो. सगळे हसले, पण आज त्यांच्याबरोबर. मग त्यांनी माऊस हातात घेतला. उलटा. मी काही बोलले नाही, आपलं आपणच सरळ केलं त्यांनी.

१४ जुलै, शुक्रवार

लेकीच्या सांगण्यावरून गृहपाठ दिला. फक्त नकाशेसरांनी केला.

१९ जुलै, बुधवार

सरांचा तास.

प्राचार्य मॅडम शेवटच्या बाकावर, मी कोपऱ्यात कॉम्प्युटरपाशी. सरांनी एका फळ्यावर हाताने नकाशा काढला, शेजारी पडदा. एका वेढ्याची गोष्ट चालू केली. किती रंगवून सांगतात! पण पडदा कोराच. पाच मिनिटं, दहा मिनिटं.

मग एक ओळ आली – सर, विचारलं तर खरंच सांगणार का?

सरांनी वाचली आणि म्हणाले, विचारून तर बघा. आणि रीघ लागली. शहरात पाणी कुठून यायचं, बायका-मुलं कुठे होती, वेढा घालणाऱ्यांना घरची आठवण येत नव्हती का. सर एकेक वाचत होते, एकेकाला उत्तर देत होते. मान वर, आवाज खणखणीत. असे सर मी कधी पाहिले नव्हते.

आणि मधेच – सर, इतके दिवस आम्ही विचारत होतो, तेव्हा उत्तर का दिलं नाही?

ती ओळ मला पुसता आली असती, बोट तिथवर गेलंही होतं. सरांनी माझ्याकडे बघून नको अशी मान हलवली. खडू खाली ठेवला.

"मला ऐकू येत नाही," ते म्हणाले. "चार वर्षं झाली. तुम्ही काय विचारलंत ते मला कळायचंच नाही, आणि तसं सांगायची लाज वाटायची. चूक माझी आहे."

मला वर बघवेना. मग पडद्यावर नवी ओळ आली – सर, मग तो वेढा उठला की नाही?

सर हसले. रुमालाने डोळे पुसले, आणि सांगायला लागले. घंटेनंतर मोजले – एक्केचाळीस प्रश्न!

बाहेर मॅडम मला म्हणाल्या, वर्ग त्यांच्याकडेच राहतील. मग म्हणाल्या, मला आधी सांगायला हवं होतंत. मी मान खाली घातली. पण ओरडल्या नाहीत.

२१ जुलै, शुक्रवार

गणिताच्या सरांनी पासवर्ड लिहून पडद्याच्या कडेला चिकटवलाय. मी बघितलंच नाही असं केलं.

२४ जुलै, सोमवार

दुपारी लॅबच्या दारात एक मुलगी येऊन उभी राहिली. नकाशेसरांच्या वर्गातली, भिंतीकडेच्या बाकावर बसते. तोंड उघडायची, मिटायची. मी हातातलं काम ठेवलं आणि थांबले. तिचा एकही शब्द मी पुरा केला नाही.

"ता... ताई, त्यातले ए... एकोणीस माझे होते."

तीन वर्षांत त्या वर्गात तिचा आवाज कुणीच ऐकलेला नाही. नुसते सरच नाहीत – कुणीच.