अडीच सेकंदांचा डिझॉल्व्ह

३ मार्च, रविवार
आईची पंचाहत्तरी चोवीस तारखेला. केक कोणीही आणतं. मी फिल्म करणार. जवळच्या माणसांनी आईबद्दल दोन शब्द बोलायचे, ते मी जोडायचे. बस्स. आजच एडिटिंगचं सॉफ्टवेअर घेतलं. बायको म्हणाली, जमेल का? मी फक्त हसलो.

५ मार्च, मंगळवार
जोडणं हेच खरं काम, हे आज कळलं. एक माणूस जातो, दुसरा येतो, त्या मधल्या जागेला ट्रान्झिशन म्हणतात. सामान्य लोकांचं लक्ष माणसांकडे असतं. माझं मधल्या जागेकडे. सॉफ्टवेअर आपणहून प्रत्येक ट्रान्झिशनला एक सेकंद देतं. सगळ्यांना एकच माप! मी एकेक फ्रेम मोजून देणार.
ऑफिसातल्या डिझायनरला सहज विचारलं. म्हणाला, सरळ कट मारा, माणसं काय बोलतात ते ऐकू आलं म्हणजे झालं. बिचारा. पगारासाठी काम करणाऱ्यांचं असंच होतं. (मी परचेसला आहे, पण ते वेगळं.)

९ मार्च, शनिवार
शूटिंग सुरू. बायकोच्या मोबाइलवर. त्याचा कॅमेरा बरा आहे, तेवढंच. एक चित्र विरघळून दुसरं यायला, म्हणजे डिझॉल्व्हला, दोन्ही टोकांना जादा फ्रेम्स लागतात. म्हणून सगळ्यांना ताकीद: बोलण्याआधी आणि बोलून झाल्यावर पाच सेकंद समोर बघत गप्प बसायचं. शेजारचे काका गप्प बसले ते बसलेच, बोलायचं विसरले. आईच्या मैत्रिणीनं विचारलं, पासपोर्टचा फोटो आहे का? बायको बोलता बोलता गहिवरली. सुंदर. पण शेवटी थांबली नाही. परत घेतलं. दुसऱ्यांदा गहिवरली नाही. तिसऱ्यांदा चिडली. चिडलेलाच टेक ठेवलाय. टोकं स्वच्छ आहेत.

१० मार्च, रविवार
मावशीकडे गेलो. आजीचं शिवणयंत्र मावशीनं न विचारता उचलून नेलं, तेव्हापासून दोघी बहिणींचं बोलणं बंद. एकमेकींच्या गल्लीतूनसुद्धा जात नाहीत. मावशी आधी नाहीच म्हणाली. मग केस सारखे करून खुर्चीत बसली. कॅमेऱ्याकडे बघून म्हणाली, "ताई, चूक तुझी नव्हती गं. माझीच होती." आणि ताडकन उठून आत गेली.
पाच सेकंद नाहीत! एक फ्रेमसुद्धा नाही!
दाराबाहेरून म्हटलं, मावशी, आणखी एकदा, आणि या वेळी नंतर हलू नकोस. आतून म्हणाली, असलं एकदाच बोलता येतं.
लोकांना शिस्त म्हणून नाही.

१३ मार्च, बुधवार
आवाज बंद करून काम करतोय. माणसं बोलायला लागली की लक्ष उडतं. ट्रान्झिशन डोळ्यांनी तपासायचं असतं. बायकोनं विचारलं, मावशी काय बोलली? म्हटलं, तुझ्याच मोबाइलवर आहे, पण बघायचं नाही, सरप्राइज. ती म्हणाली, सरप्राइज आईंना आहे ना? मी पुढची क्लिप उघडली.

१६ मार्च, शनिवार
मावशीनंतर माझी क्लिप. (क्रम मीच ठरवला.) सदतीस फ्रेम्स घाईच्या वाटतात. पन्नास बऱ्या. बासष्ट, म्हणजे जवळजवळ अडीच सेकंद: काव्य! मावशीचा चेहरा हळूहळू विरघळतो आणि त्यातून माझा उगवतो. सॉफ्टवेअरनं विचारलं, टोकाला जादा फ्रेम्स नाहीत, क्लिपमधलाच भाग कापून बसवू का? फार भित्रं आहे. बसव म्हटलं.

२१ मार्च, गुरुवार
रजा टाकून फिल्म पूर्ण केली. बायको म्हणाली, एकदा आवाजासकट बघून घेऊ. म्हटलं, रविवारी सगळ्यांबरोबर बघ. व्हिजिटिंग कार्डाचा मजकूर ठरवला: नाव, खाली 'ट्रान्झिशन स्पेशालिस्ट'. परचेसचा उल्लेख नको.

२४ मार्च, रविवार
घर भरलं होतं. पडदे ओढले. पहिल्या तीन डिझॉल्व्हना दाद आली नाही. लोक भारावले असणार. मावशी दिसली तशी आई चष्मा पुसून पुढे सरकली. मावशी म्हणाली, "ताई, चूक तुझी..." आणि विरघळली. तिच्यातून मी उगवलो आणि नमस्कार म्हणालो. बासष्ट फ्रेम्स, निर्दोष!
आई उठली, खोलीत गेली आणि दार लावून घेतलं.
भावना अनावर झाल्या. याला म्हणतात परिणाम.

२५ मार्च, सोमवार
आई माझ्याशी बोलत नाही. सकाळीच तिनं मावशीला फोन लावला. माझ्या पंचाहत्तरीला माझीच चूक काढायची होती का तुला, एवढं विचारून ठेवून दिला. मावशीला तोंड उघडू दिलं नाही.
मग मावशीचा मला फोन. ती काय काय म्हणाली ते लिहीत नाही. मी शांतपणे समजावलं की शेवटी पाच सेकंद बसली असतीस तर ही वेळच आली नसती. तिनंही ठेवून दिला. फोन आपटण्याच्या बाबतीत बहिणी शोभतात.

२७ मार्च, बुधवार
बायकोनं मला न विचारता आईला मूळ क्लिप दाखवली. मोबाइलवर, आवाज मोठा करून. संगीत नाही, डिझॉल्व्ह नाही, मावशी जरा तिरकी. आई म्हणाली, परत लाव. मग परत. मग मोबाइल दोन्ही हातांत धरून बसून राहिली. मी म्हटलं, थांब, मोठ्या स्क्रीनवर लावतो, सुरुवातीला हलकंसं फेड-इन देऊन. आई म्हणाली, "हात लावून बघ."
तीन दिवसांनी माझ्याशी बोललेलं पहिलं वाक्य.

३१ मार्च, रविवार
मावशी आली. दुपारभर आईच्या खोलीतून हसणं ऐकू येत होतं, मधेच नाक शिंकरणं, परत हसणं. मी दारात जाऊन उभा राहिलो. दोघी एकदम गप्प झाल्या. इतकी वर्षं भांडलेल्या बायकांचं एका गोष्टीवर इतक्या पटकन एकमत झालेलं मी पाहिलं नव्हतं.
म्हटलं, हा क्षण शूट करून ठेवू या? आईनं माझ्या बायकोला हाक मारली आणि म्हणाली, तू ये गं, फोटो काढ. मावशी म्हणाली, हो, फोटोच बरा, फोटोला ते मेलं ट्रान्झिशन नसतं.
मला दिवा लावायला सांगितलं. लावला. मग जरा बाजूला सरक म्हणाल्या, सावली पडते. सरकलो.
ट्रान्झिशन हा शब्द मावशीला माझ्यामुळेच माहीत झाला. पण ते कोणी बोललं नाही.