घामोळं नव्हतं ते!

बाबा,

बूट काढू नका, तसेच उलटे फिरा! तुमचा फोन घरातच वाजतोय, म्हणून दारावर चिठ्ठी. आपल्या धाकट्या सोस्केला हॉस्पिटलात ठेवलंय, आजी त्याच्याजवळ आहे. पाच दिवस ताप, अंगभर पुरळ, आणि तुमचं एकच, "घामोळं आहे, चिनात्सु, डॉक्टरीणबाई होऊ नकोस." त्याच्या दंडावरचे बीसीजी लशीच्या सुयांचे ठिपके लाल झालेत, हे मी कालच दाखवलं होतं! डॉक्टरांनी आधी तेच पाहिलं. कावासाकी नावाचा आजार आहे. हृदयाच्या रक्तवाहिन्या फुगण्याआधी इम्युनोग्लोब्युलिन चढवायचंय. ते लोकांनी दिलेल्या रक्तातून काढतात, म्हणून तुमची सही हवी. माझी चालत नाही, विचारलं मी! या लवकर. आणि सही करताना सांगा ना त्यांना, घामोळं आहे म्हणून!

— डॉक्टरीणबाई