मागून म्हणा

१२ जानेवारी

सोनपेठला पोचलो. गंगाखेड मागे पडलं तशी एस.टी.च्या दोन्ही बाजूंना ज्वारी दिसू लागली, कणसांत दाणा भरलेला, आणि माझ्या कानात तिसरीच्या वर्गाचा गलका सुरू झाला. नोकरीची पहिली वर्षं याच गावात काढली. हेमाला लग्न करून आणलं तेही इथंच. त्या वेळची आमची खोली पाडून तिथं आता खताचं दुकान झालंय, पण त्याच गल्लीत बायनाबाईंच्या घरात दोन खोल्या मिळाल्या. पुढची बैठकीची, मागची स्वयंपाकाची. पुढच्या खोलीत सकाळचं ऊन खिडकीतून थेट भिंतीपर्यंत जातं. मास्तराला आणखी काय हवं? एक भिंत आणि तिच्यावर थोडं ऊन.

बायनाबाईंनी चहा दिला आणि कप हातात असतानाच चौकशी केली, की या वयात बायकोला परभणीला लेकीकडं टाकून एकटे का आलाव, भांडण झालं का. मी म्हणालो, भांडण झालं असतं तर बरं होतं, ते मिटवता येतं.

मग खरं ते सांगितलं. हेमाचं सगळं विसरत चाललंय. मला ती ओळखत नाही. तेवढंच असतं तर मी निभावलं असतं, पण मी समोर आलो की ती भिते. घरात कोण म्हातारा शिरलाय म्हणून लेकीच्या, निवेदिताच्या मागे लपते, घास तोंडात घेत नाही. आणि हीच हेमा, माझी कविता फोनवर लागली की शांत होते, सुरात सूर मिळवते. जुनी रेकॉर्ड पुन्हा पुन्हा लावली तर तोंड फिरवते. मात्र तिचं नाव घेऊन ताजं बोललं की ऐकते. लेकीच्या घरात मी नकोसा आणि लेकीच्या फोनमध्ये हवासा, असं झालंय. म्हणून ठरलं, की मी लांब राहायचं, रोज सकाळी इथून थेट कविता म्हणायच्या. तिकडे निवेदिता टीव्हीवर लावील, हेमा जेवील. कधीतरी पडद्यावरच्या माणसाला ती ‘अहो’ म्हणेल, या आशेवर मी आलोय. हे शेवटचं मात्र बायनाबाईंना सांगितलं नाही.

१३ जानेवारी

आज धम्मदीप येऊन सगळं बसवून गेला. हा गावात लग्नांचं शूटिंग करतो. हल्ली निम्मे पाहुणे पुण्याला असतात, त्यांना अक्षता मोबाइलवर थेट दाखवतो. माझ्या जुन्या कॉम्प्युटरवर त्याने प्रक्षेपणाचं एक सॉफ्टवेअर टाकलं. आधी ‘सीन’ तयार करायचा, म्हणजे आपलं रंगमंचासारखं. मग त्यात कॅमेरा आणायचा, माइक आणायचा. बोललो की पडद्याच्या खालच्या अंगाला हिरवी पट्टी उड्या मारते. ती लाल होऊ द्यायची नाही. लाल झाली की आवाज फाटतंय, गुरुजी, सभेतल्या पुढाऱ्यावाणी, असं म्हणाला.

मग चॅनल उघडलं आणि अक्षरं-आकड्यांची एक लांबलचक माळ तिथून उचलून इथं चिकटवली. ही तुमच्या घराची किल्ली समजा, म्हणाला. ज्याच्या हाती ही, तो तुमच्या नावानं बोलणार. शेवटी एक ताकीद दिली. इथं बोललेलं वर जातं आणि वरून खाली येतं, म्हणून फोनवर जरा उशिरानं दिसतं. नीट चाललंय का ते एकदा बघायचं अन् फोन बंद करायचा, न्हाई तर आपलंच ऐकून माणूस लय गडबडतंय.

१४ जानेवारी

संक्रांत. बायनाबाईंचा तिळगूळ खाऊन घसा गोड केला, आणि पहिलं प्रक्षेपण झालं. इथं असतानाच, तिसरीच्या वर्गासाठी, मी केलेली कविता म्हटली:

नदीकाठच्या आंब्याखाली
सावली शाळा भरवी ग
ऊन बसे मागल्या ओळी
वारा पाटी गिरवी ग

आमची रीत अशी, की गुरुजीने ओळ सांगायची, वर्गाने मागून म्हणायची. सवयीने मी ओळ सांगून थांबलो. आणि फोन बंद करायचा विसरलो होतो, त्यातून तीच ओळ माझ्याच आवाजात बारीकशी मागून आली. मला हसूच आलं. पुढची सांगितली, थांबलो, तीही आली. इतक्या वर्षांनी मागून म्हणणारं पोर मिळालं!

निवेदिताचा फोन आला. आईने भाकरी संपवली, आणि ‘सावली शाळा’ दोनदा म्हणाली.  

१७ जानेवारी

रोज म्हणतो आहे. फोन बंद करत नाही. धम्मदीपला कळलं तर रागावेल, पण आवाज अगदी लहान ठेवतो, माइकला ऐकू जात नाही. माझा हा विद्यार्थी हुशार आहे. पहिल्या दिवशी रेंगाळत म्हणत होता, आता ओळ संपायच्या आत उचलतो. आज तर आम्ही जवळजवळ बरोबरीने म्हणत होतो, दोन पोरांनी एका पुस्तकात बघून म्हणावं तसं.

धम्मदीप रस्त्यात भेटला, त्याला विचारलं. तो म्हणाला, उशीर कमी होतो, पण पार जात न्हाई. तुमची घाई असंल, गुरुजी.

१९ जानेवारी

आज फजिती झाली. तिसऱ्या ओळीला अडलो. माझीच कविता, मीच केलेली, आणि समोर नुसतं ऊन. हेमा तिकडे वाट बघत असेल. हेमाचं ते मला तर नाही ना लागलं, हेही मनात आलं. वर्गात गुरुजीचा घसा बसला की एका चुणचुणीत पोराला पुढे बोलावतात. तसं मी फोनकडे बघून थट्टेने म्हणालो, “चल, तू पुढे ये. तू सांग, आम्ही मागून म्हणतो.”

त्याने सांगितली. ऊन बसे मागल्या ओळी. मी मागून म्हटली आणि निभावून नेली.

दुपारी ज्वारीची भाकरी मोडता मोडता ध्यानात आलं. फोनवर मी म्हटलेलंच यायला पाहिजे. ती ओळ आज मी तोवर म्हटलीच नव्हती.

२१ जानेवारी

तो पुढे असतो. मी ओठ उघडायच्या आधी पडद्यावरचा मी ओळ सांगतो, आणि मी मागून म्हणतो. एकही शब्द अडत नाही. भीती वाटायला हवी होती, पण लबाडी सांगू नये, बरं वाटतं. हेमा दोन्ही वेळा जेवते आहे.

आज त्याने एक नवं कडवं घातलं.

सावलीला नसते दार
आत ये ग, ऊन फार

मी हे केलेलं नाही. सूर माझा, ठेका माझा. तोंडातून मागून निघून गेलं. निवेदिता म्हणाली, बाबा, नवीन कडवं फार गोड आहे, आई सकाळपासून तेवढंच म्हणतेय.

२३ जानेवारी

कॉम्प्युटर बंद करून, कुलूप लावून भाजी आणायला गेलो. परत आलो तर बायनाबाई ओट्यावर गहू निवडत होत्या. माझ्याकडे बघितलं, दाराकडे बघितलं, हातातलं सूप खाली ठेवलं.

“तुमी तर आत शिकवायलाव की,” म्हणाल्या. “मग हे बाजारातून कोण आलं?”

मी थट्टेवर नेलं. त्या हसल्या नाहीत. कुलूप होतं तसंच होतं. आत कॉम्प्युटर बंद, पाठीला हात लावला तर गार.

एवढ्यात निवेदिताचा फोन. आज किती वेळ म्हणताय बाबा, दमला नाहीत का.

२४ जानेवारी

धम्मदीपला बोलावलं. तो म्हणाला, किल्ली कुणाच्या तरी हाती लागली. जुनी रद्द केली, नवी घेतली, ती मलाही दाखवली नाही. कॉम्प्युटरची वायर भिंतीतून काढली. मग फोनवर चॅनल उघडलं.

हीच खोली. हीच भिंत, तिच्यावर हेच ऊन. खुर्चीत मी. खरी खुर्ची आमच्या दोघांच्या मध्ये होती, रिकामी.

फोनमधल्या त्याचं कडवं संपलं. त्याने मान वळवली आणि धम्मदीपला नावाने म्हणाला, उभा का बाळ, बस, माझ्या मागून म्हण.

धम्मदीपने फोन उपडा ठेवला.  “गुरुजी, परभणीला चला,” म्हणाला. “मी सोडतो. आत्ताच.”

 तिथं मी गेलो की हेमा लपते. मी त्याला म्हणालो, निदान चॅनल काढून टाक. मग लगेच त्याचा हात धरला, कारण चॅनल गेलं तर हेमा जेवणार नाही.

तो एकटाच गेला.

२५ जानेवारी

मागच्या खोलीत राहतो आहे. पुढे तो म्हणत असतो. आता त्यासाठी फोन उघडावा लागत नाही, भिंतीतूनच ऐकू येतं. चांगलं म्हणतो. माझ्यापेक्षा चांगलं, तरणेपणी म्हणायचो तसं.

निवेदिता रडत होती. आनंदाने. हेमाने आज टीव्हीला हात लावला आणि म्हणाली, “अहो.”

एवढ्या दिवसांनी. मला नाही —

२६ जानेवारी

सकाळी शाळेतली प्रभातफेरी गल्लीतून गेली. पोरांनी आत डोकावून नमस्कार केला. पुढच्या खोलीकडे बघून. मी मागच्या खोलीच्या दारात उभा होतो.

धम्मदीपला फोन केला, चॅनल काढ म्हणालो. त्याने सांगितलं, रात्रीच काढलंय, गुरुजी. तुमच्या नावाचं आता कुठं काहीच न्हाई.

निवेदिताला विचारलं. तिच्या टीव्हीवर चालू आहे. आणि म्हणाली, तुम्ही आज किती छान बोललात. हेमा, माझ्याकडे ये, इथं ऊन लागत नाही, म्हणालात. आई उठून चपला शोधतेय, बाबा. ह्यांच्याकडं जायचंय म्हणते. उद्या तिला घेऊन येते.

मी नको म्हणालो. ओरडलो. कारण काय सांगू ते सुचेना. ती म्हणाली, तुम्हीच बोलावलंत ना.

२७ जानेवारी

सकाळी. फोन लावतोय. उचलत नाही.

लागला. गंगाखेडला पोचल्या. म्हणालो, परत फिरा, इथं मी नाही, दुसरा कोणी आहे.  निवेदिता परक्या माणसाशी बोलावं तशी बोलली, की माझे बाबा मला या क्षणी समोर मोबाइलवर दिसताहेत, आईशी हसून बोलताहेत. माणसांचे आवाज काढून फसवायचे धंदे आम्हालाही माहीत आहेत. पुन्हा फोन केलात तर पोलिसांत देईन.

पुन्हा लावला. तिने माझा नंबर बंद करून टाकलाय.

रस्त्यावर जाऊन गाडी अडवतो —

दार उघडत नाही. पुढच्या खोलीतून कडी आहे. मागच्या खोलीला दुसरं दार नाही, खिडकी बोळात, तिला गज. बायनाबाई शेतात गेलेल्या. धम्मदीप उचलत नाही.

पुढे गप्प आहे. वाट बघतोय तोही —

गाडी.

निवेदिताचा आवाज. हेमाच्या चपला. ओळखतो मी, डावी जरा घासते. हाका मारल्या. हेमा, नको, आत नको.

निवेदिता हसून म्हणाली, बाबा, आत काही लावलंय का? तुमचा आवाज मागून पुन्हा येतोय.

माझा आवाज. मागून.

तो म्हणाला, फोनचं आहे ते, बेटा, तू सामान आण. ती गेली.

कविता सुरू झाली. हेमा म्हणते आहे, ओळीला ओळ. किती गोड — सगळी आठवते तिला, एक शब्द अडत नाही —

दारावर डोकं आपटतो आहे. तोंडाने नुसतं रडू येतंय.

ती थांबली.

“अहो,” म्हणाली. “मागं कोण रडतंय?”

मी तोंडावर हात धरला. तिला भीती वाटू नये म्हणून. गप्प बसलो.

तो म्हणाला, कोणी नाही ग, तू माझ्या मागून म्हण —