जुन्या घरगाडीची कडी

जावईबापू,

लाथ मारून तुम्ही आम्ही बापलेक राहतो त्या घरगाडीच्या दाराची कडी मोडलीत. तीस वर्षांच्या गाडीला कडी मिळवायला मी तीन भंगारखाने पालथे घातले. एक भंगारवाला म्हणाला, "काका, कडी कसली शोधताय, गाडीच टाका इथे." शेवटी एका सडलेल्या गाडीची काढून आणली.

ती बसवत होतो, तेवढ्यात येऊन तुम्ही लेकीला केसांनी ओढून पायरीवर आपटलंत. हातातला पाना मी तुमच्या मनगटावर घातला. हाड मोडलेलं ऐकू आलं. तुम्ही लोळत होतात, तरी दुसरा घाव गुडघ्यावर घातला. मुंगीलाही न दुखवणारा मी; वाईट वाटायला हवं होतं, वाटलं नाही.

कडी घट्ट बसली. गाडी आता दुसऱ्या गावी आहे. लेक आज पोटभर जेवली. हे पत्र पेटीत टाकणार नाही. टाकलं, तर पोस्टाच्या शिक्क्यावरून तुम्हाला आमचा मुक्काम कळेल.

फक्त तिचा,
बाबा