लेन्स उतरवायला जागा

लालबाग,
५ ऑगस्ट २०२५

ती. मृणालिनीमावशीस,
नूपुरचा सा. न. वि. वि.

पाकीट बघून घाबरू नकोस, घरात सगळे धडधाकट आहेत. फोनवर तुला ऐकू येत नाही, आणि व्हॉइस नोट पाठवली की तू ती दादरभर फिरून लोकांना ऐकवतेस आणि अर्थ विचारतेस. मोबाइलवर टाइप करावं, तर माझे डोळे पेटतात. म्हणून ऑफिसच्या कँटीनमध्ये बसून हे लिहितेय. उत्तरही ऑफिसच्याच पत्त्यावर पाठव, पत्ता मागे लिहिलाय.

मी लेन्स लावते हे तुला माहीत आहे. का लावते, ते आईने तुलाही सांगितलेलं नाही. कॉलेजात असताना कळलं की माझी बुबुळं हळूहळू शंकूसारखी पुढे येतायत. एक छोटी प्रक्रिया करून ते वाढणं थांबवलं, पण आकार काही परत सरळ होत नाही. अशा डोळ्यांना चष्मा काही करू शकत नाही. कडक लेन्स लावली तरच दिसतं, नाहीतर अक्षरं आणि माणसं ओघळल्यासारखी होतात. लग्न ठरताना आई म्हणाली, लेन्स लावते एवढंच सांगायचं, पुढचं कुणी विचारलेलं नाही. डोळ्यांत पाणी आणून तिने मला शपथ घातली.

आता गोष्ट अशी झालीय की डोळे कोरडे पडलेत. ऑफिसात एसीचा झोत थेट तोंडावर येतो, दिवसभर स्क्रीन असतो. दुपारपासून पापणीखाली कुणी वाळू टाकल्यासारखं होतं. घरी येऊन लेन्स काढावी, तर दिसत नाही. ठेवावी, तर सहन होत नाही. आमचा टॉवर बाहेरून मोठा दिसतो, पण आत चाळीतल्यासारखीच दाटी. दीड खोलीत तिघं. सगळे उठायच्या आत मी लेन्स लावते आणि दिवे गेल्यावर काढते. परवा सासूबाई म्हणाल्या, एवढे लाल होतात तर चष्मा लाव की, इथे काय रोज तुझे फोटो काढायचेत? त्यांना वाटतं मी नखरेल आहे. मी हसून म्हटलं, सवय झालीय.

पुष्करलाही माहीत नाही. रागावलीस तरी चालेल, पण उत्तर लिही.

तुझी,
नूपुर


दादर,
९ ऑगस्ट २०२५

चि. सौ. नूपुर हिस मावशीचे अनेक आशीर्वाद.

पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना तुझ्या आईला इतक्या शिव्या दिल्या की तिला उचकी लागली असेल. तिला आत्ता काही बोलणार नाही, कारण ती रडायला लागेल आणि मग आपण तिचीच समजूत काढत बसू.

मी माझ्या मोतीबिंदूवाल्या डॉक्टरांना तुझं नाव न घेता विचारून आले. मला ऐकू यावं म्हणून ते एवढ्या मोठ्याने बोलले की बाहेर बसलेल्या सगळ्यांना तुझा आजार समजला. त्यांचं म्हणणं, कोरड्या डोळ्यांवर पुष्कळ करता येतं, पण औषधाच्या दुकानातून कुठलेही थेंब आणून घालायचे नाहीत, आधी तपासून घ्यायचं. लेन्स नळाच्या पाण्याने धुवायची नाही. आणि डोळा दुखला, लाल झाला की लेन्स आधी बाहेर, विचार नंतर. परळला लेन्सची एक तज्ज्ञ बाई बसते, तिचं नाव चिठ्ठीवर लिहून दिलंय, ती चिठ्ठी सोबत जोडते. जेवणाच्या सुट्टीत जा.

पुष्करला सांग गं. नवरा आहे, सीबीआय नव्हे.

मला लिहीत राहा. माया आहेच, ती तू गप्प बसलीस तरी आटणार नाही.

तुझी मावशी,
मृणालिनी


लालबाग,
१९ ऑगस्ट २०२५

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

परळला जाऊन आले. बाई चांगल्या आहेत, भरभर बोलतात. त्यांनी सांगितलं की माझे अश्रू लगेच सुकतात, कारण पापण्यांच्या कडेला तेलाच्या बारीक ग्रंथी असतात त्या बुजल्यात. रोज गरम कपड्याने पापण्या शेकायच्या, मग हलक्या हाताने चोळायच्या. औषध टिकवायचं रसायन नसलेले थेंब दिलेत. स्क्रीनसमोर मुद्दाम पापण्या पूर्ण मिटायच्या. मी म्हणे अर्ध्याच मिटते. ऑफिसात जागाही बदलून मागितली, आता एसी पाठीवर येतो. थोडा फरक पडलाय.

खरा उपाय वेगळा आहे. एक मोठी लेन्स येते. ती बुबुळाला टेकतच नाही, कडेच्या पांढऱ्या भागावर बसते. लावताना तिच्यात सलाइन भरायचं, म्हणजे बुबुळ दिवसभर पाण्यात राहतं. मी तिथेच विचारलं, कधी देता? तर म्हणाल्या, माप घेण्याआधी थोडे दिवस आत्ताची लेन्स पूर्ण बंद ठेवायची, लेन्सने दाबलं गेलेलं बुबुळ आधी आपल्या आकारात आलं पाहिजे.

बघ ना मावशी, दार आहे, पण त्यातून जायचं तर सगळ्यांसमोर आंधळ्यासारखं चाचपडत जायचं. तुझ्याकडे राहायला येऊ का, म्हणून घरी विषय काढला. सासूबाई म्हणाल्या, सुनेचा पहिला गणपती आणि तू मावशीकडे? बरोबरच आहे त्यांचं. पुष्करने विचारलं, रोज तोंडावर गरम फडकं कशाला? मी म्हटलं, सायनस. आता सायनसचंही लक्षात ठेवावं लागतं. काल न्हाणीघरात लेन्स काढून नुसती उभी राहिले, तेवढाच डोळ्यांना आराम. लगेच बाहेरून कडी वाजली.

लोभ ठेव, उपदेश थोडा कमी केलास तरी चालेल.

तुझी,
नूपुर


दादर,
२३ ऑगस्ट २०२५

चि. नूपुरला आशीर्वाद.

उपदेश कमी करून एकच लिहिते. गणपतीत धूर असेल, पाहुणे असतील, जागरण असेल. लेन्स काढायची वेळ आली तर काढ, मग समोर कोण बसलंय ते बघू नकोस. नाहीतरी काढल्यावर तुला दिसणार नाहीच.

विनोद वाईट होता, पण काळजीने मी रात्रभर झोपलेले नाही गं.

तुझीच,
मावशी


लालबाग,
१२ सप्टेंबर २०२५

ती. मावशीस,
नूपुरचा सा. न. वि. वि.

लिहायला उशीर झाला, कारण लिहिता येत नव्हतं. आता डोळा उजेड सहन करतो, म्हणून कागदाला नाक लावून सगळं सांगते.

गणपती बसले त्या दिवशी पहाटे लेन्स घातली. मोदकांची वाफ, धूप, कापूर, एकामागून एक पाहुणे. संध्याकाळपासून डावा डोळा ठणकत होता. तुझं पत्र आठवत होतं, पण पाळीपाळीने पंचवीस माणसं पंगतीला बसत होती आणि वाढायला मी. दुसऱ्या दिवशी सकाळी उजेडाकडे बघवेना. लेन्स काढली आणि पुष्करला म्हटलं, दवाखान्यात ने.

टॅक्सी मिळणं शक्यच नव्हतं, आमच्या गल्लीपासून पार परळपर्यंत माणसांचा चिखल. चालत निघालो. मी त्याचा शर्ट मागून घट्ट धरला होता. एका पायरीवर पाय चुकला, मग दुसऱ्या. तो वैतागून म्हणाला, निदान चष्मा तरी घालून यायचं. मी म्हटलं, चष्म्याने मला दिसत नाही. ढोल एवढे वाजत होते की त्याला ऐकू गेलं नाही. पुन्हा सांगितलं, तरी नाही. मग मी जीव खाऊन ओरडले. मावशी, वर्षभर जे मी पुटपुटलेही नव्हते, ते भर लालबागात बोंबलून सांगितलं. माझे डोळे बिघडलेत, लग्नाच्या आधीपासून, तुमच्यापासून लपवलं. लोक वळून बघायला लागले. पुष्करने माझा हात शर्टावरून काढून आपल्या मुठीत धरला आणि चालायला लागला. पण वाटेत एकदाही माझ्याकडे वळला नाही.

बुबुळावर जखम होती, त्यात जंतू शिरू लागले होते. आणखी उशीर झाला असता तर डाग कायमचा राहिला असता. तासातासाने थेंब, आणि लेन्स पूर्ण बंद.

घरी पुष्करनेच सासूबाईंना सांगितलं. रात्री त्या मला म्हणाल्या, तुझ्या आईला काय वाटलं, आम्ही नकार दिला असता? थोड्या वेळाने त्याच म्हणाल्या, दिला असता कदाचित. एवढं बोलून आत गेल्या. खरं सांगू, माझी समजूत काढली असती तर एवढं बरं वाटलं नसतं. अजून तुटकच बोलतात. आईचा फोन आला तर उचलत नाहीत. मुलांनाही होईल का, असं मात्र डॉक्टरांना फोन करून स्वतः विचारलं. होऊ शकतं, लहानपणापासून तपासत राहा, असं उत्तर मिळालं.

जखम भरली. इतके दिवस लेन्स नव्हतीच, त्यामुळे कालच मोठ्या लेन्सचं माप दिलं. चाचणीची लेन्स तासभर लावून बसले होते. डोळ्यात काही आहे हे विसरायला झालं. अशी विसरायची मला सवयच नाही, सारखी आरशात बघत होते.

पुष्कर इतके दिवस कामापुरतंच बोलत होता. थेंब वेळेवर घालायचा, पण ओठ मिटून. काल संध्याकाळी समोरच्या खुर्चीत बसून अचानक त्याने विचारलं, लेन्स नसताना मी तुला कसा दिसतो? मी म्हटलं, तीन-चार पुष्कर दिसतात, एकमेकांवर सरकलेले, सगळे रुसलेले. तो हसला नाही. खुर्ची जवळ ओढून म्हणाला, आता? म्हटलं, दोन. मग तो उठून माझ्या शेजारी येऊन बसला.

तू आमच्याकडे ये. सासूबाईंना तुझ्याशी भांडायचंय. तुला ऐकू येणार नाही, पण त्यांना बरं वाटेल. आशीर्वाद असू दे आणि येताना तुझ्या हातच्या करंज्या आण.

तुझी,
नूपुर