हिरवं लुगडं

६ सप्टेंबर

रुखमी फाट्यावर उभी हाये! हसून राह्यली!

बाभुळगावहून एसटीनं आली, उतरली, मान वर केली — अन् ही समोर. एवढी मोठी, खांबाले बांधलेली. मेली त्याले दोन वर्षं झाली. मीच तिचं तोंड पुसलं होतं.

तिसरीपर्यंतच शिकली मी, पण फ्लेक्स वाचता येते. ‘माझी साखर गेली. आता तुमची पाळी! साखरमोड चूर्ण.’ तोंडात सगळे दात. रुखमीले दात कुठं होते? अंगावर हिरवं लुगडं, जरीचं. जनमभर नेसली नाई असं. पांढऱ्यात गेली ती.

अन् साखर गेली म्हणे! साखरेनंच त हिचा पाय कापला, अन् मंग हिले नेली.

खाली कोपऱ्यात बारीक अक्षरात — पायल ग्राफिक्स.

माह्या नातीचं दुकान.

७ सप्टेंबर

पायल जेवाले बसली तवा विचारलं. म्हणते, “अवं आजी, चूर्णवाल्या फुलचंदले गावचा चेहरा पाहिजे होता. नेटवरची गोरी बाई लावली त लोक म्हणतात, ही कोण?”

म्हटलं, “रुखमीले विचारलं होतं?”

“मेलेल्या माणसाले काय विचारू?”

“मेली म्हणूनच त विचारलं नाई तू.”

भाकर मोडत बसली. मंग म्हणते, रुखमीच्या श्रद्धांजलीचा फोटो कम्प्युटरमंदी होताच. मुंडकं उचललं, इथं ठेवलं. जसं काई वांगं हाये!

लुगड्याचंही सांगतलं. बायाइचे फोटो लोक कसेही आणतात — कोणाचा आधार कार्डावरचा, कोणाचा लग्नाच्या घोळक्यातला. म्हणून तिनं एक धड करून ठेवलं. हिरवं लुगडं, खांद्यावर पिन, दोन्ही खांदे सरळ. कोणी मेली की वर मुंडकं बसवाचं. झालं.

म्हणजे आजूबाजूच्या गावच्या मेलेल्या साऱ्या बाया एकाच लुगड्यात!

“जितीले नाई नेसवत काय ते?” म्हटलं.

“जित्या बाईचा फ्लेक्स कोण लावते आजी? बाई मेल्यावरच चढते वर.”

हसली. मले नाई आलं हसू.

८ सप्टेंबर

रुखमीचा जुना श्रद्धांजलीचा फ्लेक्स तिच्या पोरानं गुराच्या कुटारावर झाकला हाये. आज पाह्यला. तोंड उलटं. त्यातही हिरवं लुगडं होतंच. तवा माह्या ध्यानात नाई आलं. रडत होती ना.

१५ सप्टेंबर

लीलाबाईच्या घरी गेलती. भिंतीले भिंत लागून हाये, तरी चार दिवस आली नव्हती. ओसरीत बसून पाण्यात चूर्ण घोळत होती. तिलेही साखर हाये, जुनी.

“गोळ्या कुठं हायेत वं तुह्या?”

“सोडल्या.”

“काहून? डाक्टरनं सांगतलं?”

“रुखमीनं.”

म्हटलं, लीले, रुखमी मेली. तू होती ना तवा सोबत?

“मले काय येडी समजली? मेली म्हणूनच त ऐकलं.” चमचा फिरवतच राह्यली. “जिता माणूस पैशासाठी बोलते. मेल्याले काय पाहिजे? मेलेलं माणूस खोटं कायले बोलन, गंगे?”

मी पेला वढला, तिनं परत हिसकला. माह्या हातातून! जिच्या तोंडाले सारं गाव भेते.

लीलाचे तिन्ही लेकरं रुखमीच्या हातावर झाले. मधलं आडवं होतं. रुखमीनं रात्रभर पोट चोळून फिरवलं, मंग सोडवली. गावातली दाई होती ती. ती म्हणे ऊठ त ऊठाचं, ती म्हणे बस त बसाचं. आता फाट्यावरून म्हणते गोळी सोड — त लीलानं सोडली!

फोटो कोणाचा लावाचा हे फुलचंदले बरोबर समजलं. अन् माह्या नातीलेही.

१६ सप्टेंबर

पायलले सांगतलं. फ्लेक्स काढ म्हटलं. म्हणते, “महिन्याचा ठराव झाला. अन् मी का चूर्ण विकतो? मी त फक्त चित्र बनवतो.”

म्हणजे बंदूक नाई विकत, फक्त नेम धरून देतो.

१८ सप्टेंबर

दिवस बुडता बुडता फाट्यावरून आली. वारा होता. फ्लेक्सची खालची दोरी सुटलेली — फुगे, मंग आत ओढल्या जाय. पहा त रुखमीचे ओठ हालून राह्यले! काईतरी सांगून राह्यली.

मी भूतगीत मानत नाई. आमच्या घरात ते सारं छप्पनलेच, दीक्षा घेतली तवाच गेलं. पण थांबली मी. कान दिला.

फट् फट्. दुसरं काई नाई.

“रुखमे,” म्हटलं, “तूच सांग लीलाले. माह्यं ऐकत नाई.”

वाटलं तिनं मान हालवली. नाई म्हणून.

२२ सप्टेंबर

लीला पडली. न्हाणीत. अंगठा काळा झालता, सांगतलंच नव्हतं कोणाले. साखर एवढी चढली की मशीन आकडाच नाई दाखवे. यवतमाळले नेली.

तिचा मालक भगवानराव जीपमंदी बसता बसता म्हणे, “गंगाबाई, मी म्हटलं होतं गोळी घे. मलेच म्हणे, तुमी का रुखमापेक्षा शायने झाले?”

पायल ओसरीत उभी होती. सारं ऐकलं तिनं.

२३ सप्टेंबर

सकाळी पायल स्वतः शिडी घेऊन फाट्यावर गेली. मीही गेली. विळ्यानं दोऱ्या कापल्या. फ्लेक्स खाली येता येता तिच्या अंगावरच पडला, पुरी झाकून गेली. रुखमीच्या तोंडाखाली माही नात चाचपडून राह्यली — “आजी! आजी, निघत नाई!”

मी वढून काढली. लेकरासारखी रडली. फाट्यावर, चारचौघात.

रडणं झालं तवा म्हटलं, आता दुसरा बनव. माह्या तोंडाचा.

“आजी, अशुभ बोलू नको!”

“मेलेलीचं ऐकतात ना? आता जितीचं ऐकाव लागन.”

फोटो काढला. माह्याच लुगड्यात, जुनं, काठ फाटलेलं. दोनच दात हायेत, दोन्ही दाखवले. म्हटलं, एक दात जास्त लावशीन त तुह्या हाताची चटणी करीन. अन् ते हिरवं अंगाले लावाचं नाई!

वर लिवाले सांगतलं — ‘मी गंगाबाई. जिती आहे. रुखमाबाई साखरेनं वारली. तिनं कोणतंच चूर्ण घेतलं नव्हतं. गोळी सोडू नका. खोटं वाटलं त घरी येऊन विचारा.’

२ ऑक्टोबर

लीला घरी आली. पायाची दोन बोटं कापली. गोळ्या घेते आता, पण माह्याकडं पाहून नाई घेत.

“रुखमीले काढलं म्हणे तुमी,” म्हणते. “फाटा सुना सुना वाटत असन.”

५ ऑक्टोबर

लोक खरंच घरी येऊन राह्यले! दोन बाया फुलं घेऊन आल्या होत्या. मले ओसरीत दाणे निवडताना पाहून दारातच थबकल्या. फाट्यावरच्या फ्लेक्सवर पाह्यली त मेलीच समजल्या. म्हटलं, आणलीच हायेत त द्या, बुद्धाच्या फोटोपुढं ठेवतो.

एक बुढा विचारून गेला, गोळी जेवाच्या आधी का मंग? सांगतलं. डाक्टरलेही विचार म्हटलं.

पायल दुकानात आता विचारते — चेहरा कोणाचा, त्याले माहीत हाये का? दोन गिऱ्हाइकं गेले परत. तिचा अभिमान वाटला. तोंडावर नाई सांगतलं. डोक्यावर बसन.

२० ऑक्टोबर

दुकानात डबा घेऊन गेली त फुलचंद बसला होता. मी उभीच राह्यली. तो माह्याकडं नाई, भिंतीवरच्या माह्या फ्लेक्सच्या नमुन्याकडं पाहून राह्यला होता. लय वेळ. एखाद्या बैलाकडं पाहावं तसं.

“आजीचा चेहरा भल्ला खरा हाये,” म्हणे. “पाहताच पटते.”

पायलनं त्याले चहा पाजला. म्हणते, जुनं गिऱ्हाईक हाये, तोंड कसं फिरवू?

१० नोव्हेंबर

झरीले भाचीच्या घरी लेकराचं नाव ठेवणं हाये. जातो म्हटलं. पायल एकदम, “नको आजी! एवढ्या दूर कायले? एसटीत हाडं मोडतीन. मी पैसे पाठवतो ना भाचीले.”

एवढी माया कवापासून आली हिले?

१२ नोव्हेंबर, झरी

स्टँडवर उतरली. मी उभी होती. खांबाले बांधलेली.

तोंडात सगळे दात. ‘मी गंगाबाई. माझी साखर गेली.’ मले साखर कधी झालीच नाई. कोपऱ्यात कोणाचंच नाव नाई. नसू दे. अंगावर हिरवं लुगडं हाये, खांद्यावर पिन, दोन्ही खांदे सरळ.

खाली एक बाई पुडी घेऊन राह्यली होती. तिचा हात धरला. म्हटलं, बाई, हे खोटं हाये. ही मीच हाये, पहा. तिनं माह्याकडं पाह्यलं. मंग वर तिच्याकडं पाह्यलं. माह्या हातातून हात सोडवला, अन् दोन्ही हात तिच्यापुढं जोडले.