टिटवीला घर दाखवणारं यंत्र

१२ ऑक्टोबर
आज सारखी ती स्कूटर आठवते आहे. नवीन लग्न झालेलं, श्रीगोंद्याला मावशींकडे निघालो होतो. उसाच्या गाड्यांमागे धूळ खात. फाट्यावर मी म्हटलं, "अहो, कुणाला तरी विचारा." शरद म्हणाले, "विचारायचं काय त्यात? सूर्य कुठं आहे बघ." शाळेत सिस्टरांच्या वर्गात मी नकाशात पहिली यायची. मी डावीकडे म्हटलं, ते उजवीकडे वळले आणि बरोबर पोचलो. मावशींनी चुलीवर चहा ठेवलेलाच होता.

काल हाच माणूस आमची शिडाची बोट, टिटवी, घेऊन गेला आणि इकडे शेंडीला घरासमोर यायच्या ऐवजी धरणाच्या पार दुसऱ्या टोकाला, रतनवाडीला लागला. शीड नीट गुंडाळलं, बोट बांधली आणि काठावर बसून राहिला. भाऊरावांनी मोटारसायकलवर आणून सोडलं. त्यांची शेती तिकडे काठालाच.
"मास्तर म्हनले, बाई चहा घेऊन येतील, मी हितंच थांबतो. लई वेळ थांबले. मी म्हनलं, बाई शेंडीला, तुमी हिकडं, चहा यायाचा कसा?"
शरद हसले. मीही. नंतर स्वयंपाकघरात... असो.

१५ ऑक्टो.
मीराचा पुण्याहून फोन. "आई, डॉक्टर काय म्हणाले ते ऐकलंस ना? बाबांचं हे विसरणं वाढत जाणार. बोट विकून टाक."
नगरला राहत होतो तेव्हा अंगणात प्लायवूड कापून बांधलेली बोट. शरद वर्कशॉपच्या पोरांना शिकवून घरी यायचे आणि रंधा हातात घ्यायचे. पोहायला येत नाही म्हणून मी इतकी वर्षं काठावरच. पण ती विकली तर शरद सकाळी उठून कुठं बघतील?
मीराला म्हटलं, बोटीवर वाट दाखवणारं काहीतरी बसवू, जीपीएस का काय ते.
"आई, तू मोबाईलवरचा मॅप उलटा धरतेस!"

२१ ऑक्टो.
मुंबईच्या बोटींच्या सामानाच्या दुकानाशी फोनवर बोलले. मुलगी गोड होती. कुठल्या किनाऱ्याचा नकाशा घालून देऊ, विचारलं.
"समुद्र नाही, धरण."
तिनं कुणाला तरी विचारून घेतलं. मग, "मॅम, धरणाचा नकाशा निघत नाही. पण तुम्ही स्वतः खुणा साठवू शकता."
बोटानं सरकवायचा पडदा नको, बटणांचंच हवं. ओल्या हातांना आणि शरदच्या थरथरीला तेच बरं. उन्हात दिसेल असं. मध्यम आकाराचं ठरवलं. तिनं सगळं दोनदा समजावलं, मी तिसऱ्यांदा विचारलं.

३० ऑक्टो.
आलं. ओसरीवर बॅटरी लावून सुरू केलं. शरद तोंड फिरवून बसलेले. "मला नको ते डबडं. डोंगर दिसतात की."
पडद्यावर पाणीच नाही. सगळं धरण जमिनीच्या पिवळट रंगात, आणि आम्ही म्हणजे एक काळा बाण, कोरड्या माळावर. मी हिरमुसले. शरदनी डोकावून बघितलं आणि इतके हसले! किती दिवसांनी.
"याला तर काहीच येत नाही. शिकवावं लागेल."
वर्कशॉपमध्ये नवीन पोरगा आला की हाच आवाज असायचा.

७ नोव्हेंबर
आम्ही दोघं बिस्किटाच्या खोक्याचा पुठ्ठा यंत्राएवढा कापून बोटीत चिकटपट्टीनं लावून बघतोय. सुकाणूपाशी लावला तर शरदच्या गुडघ्याखाली जातो. आत लावला तर वाकावं लागतं. होकायंत्राशेजारी जागा छान, पण खरं यंत्र तिथं धरलं की सुई हलते. शेवटी केबिनच्या भिंतीवर, उजव्या हाताला. फिरत्या दांड्यावर, म्हणजे दोघांनाही वळवता येईल.
वायरसाठी भोक पाडायचं म्हटल्यावर मात्र, "टिटवीला भोक? मुळीच नाही." शरद जेवलेही नाहीत.

१६ नोव्हें.
सकाळी मी उठायच्या आत शरद ड्रिल काढून बसले होते. भोक हवं त्यापेक्षा मोठं पाडलं, इपॉक्सीनं पूर्ण बुजवलं. उद्या सुकल्यावर त्यातच लहान भोक. "नाहीतर प्लायवूड पाणी पितं," मला सांगितलं. नंतर पुन्हा सांगितलं. मी दोन्ही वेळा "हो का?" म्हटलं.

२ डिसें.
मी पाण्यात! म्हणजे पाण्यावर. लाइफ जॅकेट, हातात यंत्राचं पुस्तक. शरद बोट नेतात, मी बटण दाबून खुणा साठवते. 'जांभूळ'. 'मोठा दगड'. 'भाऊराव'. शेवटी आपला काठ: 'घर'. घर निवडलं की बाण तिकडे वळतो आणि किती अंतर राहिलं ते दाखवतो.
भाऊराव काठावरून ओरडले, "बाई, आता तुमी चुकू नका!"
काठावरून घरापर्यंतच्या चढावर मी दोनदा थांबले. धाप. शरदना दिसू दिली नाही.

नाताळ
मीरा आली. केक, करंज्या. सकाळी धुकं, समोरचा डोंगरही नाही. शरद एकटे निघाले. मीरानं माझा दंड घट्ट धरलेला. बराच वेळ काही नाही. मग धुक्यातून शीड, सरळ आमच्याकडे.
मीरा पाण्याच्या कडेला धावली. बाबांच्या ओल्या स्वेटरला चिकटून उभी राहिली.

२० मार्च
लिहायला हात होत नाही, पण लिहून ठेवते.
धरणाचं पाणी खाली चाललंय. काठ रोज पुढं सरकतो, हे मला इतक्या वर्षांपासून माहीत, तरी साठवलेली खूण मागंच राहील हे डोक्यातच आलं नाही. आज शरद आले ते मी उभी होते तिथंच, आणि बोट चिखलात रुतली. मी चिखलात शिरून बोटीच्या कठड्याला हात लावला. "अहो, उतरा."
पडद्याकडे बघत म्हणाले, "घर अजून पुढं आहे."
"हेच घर. मी आहे ना इथं."
माझ्याकडे सभ्यपणे बघितलं. "बाई, थोडंच राहिलंय. जाऊ द्या मला."
मला बाई म्हणाले.
पुढं नुसता सुकलेला उतार, साठवलेली खूण त्यावर कुठंतरी. चिखलातूनच हात लांब करून बटणं दाबली. 'घर' उचललं आणि आम्ही होतो तिथं ठेवलं. अंतर शून्य झालं.
"आलं," म्हणाले, आणि हात पुढं केला, मी उतरवावं म्हणून.

४ एप्रिल
उद्या नाशिकला ॲडमिट. हृदयाची झडप. डॉक्टर म्हणतात नेहमीचं ऑपरेशन, घाबरण्यासारखं नाही. तरी.
मीरा, माझ्या बांगड्या तुला, सिस्टरांनी दिलेलं भूगोलाचं बक्षीस पुस्तकही तुलाच. पितळी होकायंत्र तुझ्या मुलीला. बाबांची सगळी हत्यारं पुढं भाऊरावांच्या थोरल्याला, त्याला लाकडाची आवड आहे. बोट वापरायची नसेल तेव्हा त्यालाच दे, विकू नकोस.
यंत्र मात्र बाबा बोट घेऊन जात आहेत तोवर टिटवीवरून काढायचं नाही. दर आठवड्याला पाण्याच्या कडेला जाऊन 'घर' खाली सरकवायचं, पावसाळ्यात धरण भरत आलं की तसंच वर आणायचं. बटणं कोणती ते भिंतीला चिकटवलं आहे.
आणि ते येतील तेव्हा कुणीतरी काठावर उभं राहा. चहा घेऊन. मी परत आले की मी राहीन.